मावळतीचा वारसा

कुणाला वडिलांकडून शेत मिळते, कुणाला घर, कुणाला नुसतेच नाव. भोपाळच्या एका बाईंना मिळाली ती एक सवय : प्रवासात जिथे असू तिथे थांबून सूर्यास्त पाहायचा आणि त्याचा एक फोटो काढायचा. या सवयीला खर्च नाही. मात्र ती लागली की सहलीचे रूपच पालटते!

सहलीला निघालेल्या कुठल्याही कुटुंबात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक वाद हमखास होतो. मुलांना भेळ हवी असते. आईला लॉजवर जाऊन पाय पसरायचे असतात. वडिलांचा जीव उद्याच्या गाडीच्या आरक्षणात अडकलेला असतो. तेवढ्यात कुणीतरी एकजण म्हणतो, ‘‘थांबा ना जरा, सूर्यास्त पाहून जाऊ.’’ बाकीचे एकमेकांकडे पाहतात. सूर्य काय, रोजच मावळतो! त्यासाठी एवढ्या लांब यायला कशाला हवे होते?

घरोघरी असणाऱ्या त्या ‘एकजणा’ची ही गोष्ट आहे. या घरात तो एकजण म्हणजे बाबा होते.

गार्डाच्या डब्यातून

बाबा भुसावळला रेल्वेत होते. मालगाडीवर गार्ड. (या पदाला २०२२पासून रेल्वेने ‘ट्रेन मॅनेजर’ असे नाव दिले आहे, पण भुसावळच्या जुन्या घरांमध्ये ते अजून ‘गार्डसाहेब’च आहेत.) मालगाडीच्या अगदी शेवटी गार्डाचा डबा असतो. पुढे चाळीस-पन्नास वाघिणी, आणि मागे एकटा गार्ड. बोलायला कुणी नाही. सिग्नल मिळाला नाही की गाडी रानात तास-तास उभी राहायची. अशा वेळी बाबांच्या सोबतीला असायचे ते फक्त आभाळ.

पण आभाळाकडे पाहणे ही त्यांची नुसती हौस नव्हती. ते त्यांचे कामही होते. दिवसा गार्डाच्या हाती हिरवी आणि लाल झेंडी असते. सूर्य मावळला की झेंडी गुंडाळायची आणि हातदिवा घ्यायचा. शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा, टेल लॅम्प, लावायचा. त्या काळी हे दिवे रॉकेलचे असत. काच पुसायची, वात कापायची, दिवा पेटवून त्याच्या जागी अडकवायचा आणि मगच पुढचा प्रवास. त्यामुळे आज सूर्य किती वाजता मावळणार हे बाबांना पक्के ठाऊक असायचे.

‘‘घरी आई देवापाशी दिवा लावायची, त्याच वेळी बाबा कुठेतरी बऱ्हाणपूर नाहीतर खंडव्याच्या पुढे गाडीला दिवा लावत असायचे,’’ त्यांची मुलगी सांगते. ‘‘लहानपणी मला वाटायचं, हे दोन्ही दिवे एकच आहेत.’’

ही मुलगी आता साठीच्या घरात आहे. राष्ट्रीयीकृत बँकेतली नोकरी संपवून ती भोपाळला स्थायिक झाली आहे. नोकरीतल्या बदल्यांमुळे तिने निम्मा भारत पाहिला, आणि जिथे गेली तिथली मावळतीची जागा पहिल्या आठवड्यात शोधून काढली. शेजारच्या बायका भाजीबाजार विचारायच्या, ही विचारायची, ‘‘इथून पश्चिम कुठे दिसते?’’

बारा फोटोंचा रोल

रेल्वेच्या पासावर वर्षातून एकदा सहल व्हायची. आई-बाबा, ही आणि धाकटा भाऊ. सोबत वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि बाबांच्या खांद्याला आग्फाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत एके काळी हा काळा चौकोनी कॅमेरा सर्रास दिसे. त्याच्या रोलमध्ये फोटो निघत बारा, आणि तेही कृष्णधवल!

सूर्यास्ताचे काळेपांढरे फोटो? नातेवाईक हसायचे. सगळा खेळ रंगांचा, तर रंगच नाहीत मग काढता कशाला? बाबा म्हणत, ‘‘रंग डोक्यात राहतात. फोटो फक्त जागा सांगतो.’’

बारांतले चार-पाच फोटो देवळापुढे, धबधब्यापुढे घरच्यांना उभे करून काढावे लागत. ते आईचे फर्मान असे. उरलेल्यांत प्रत्येक गावचा एक सूर्यास्त. एका सूर्यास्ताला एकच फोटो हा बाबांचा नियम. सूर्य डोंगराला किंवा पाण्याला टेकला की कॅमेरा पिशवीत जायचा आणि मग चौघांनी गप्प उभे राहायचे. फोटो धुऊन आले की बाबा पाठीमागे पेन्सिलीने लिहीत : ‘धूपगढ, १४ जानेवारी १९७४, सायं. ५.५२.’ ठिकाण, तारीख, वेळ. गार्डाच्या नोंदवहीत गाडीची वेळ लिहावी तसे. जास्त एक अक्षर नाही.

सवय लागली ती अशी. ‘‘बघ, किती सुंदर आहे,’’ असे बाबांनी एकदाही म्हटले नाही. ते फक्त थांबायचे, आणि ते थांबले म्हणून बाकीचे थांबायचे. मुलांना ज्या गोष्टी सांगून पटत नाहीत, त्या शेजारी उभे राहून पटतात. वाचनाची सवय, बागेची सवय, गाण्याची सवय घरात अशीच उतरते.

बाबांची एक युक्ती मात्र दोन्ही मुलांना पाठ झाली. हात समोर ताठ करायचा, पंजा आडवा धरायचा आणि सूर्य व क्षितिज यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते मोजायचे. आपल्याकडे एक बोट म्हणजे साधारण आठ-दहा मिनिटे. चार बोटे मावली तर अर्धा-पाऊण तास हाताशी आहे. चहा पिऊन घ्यायला हरकत नाही. दोनच बोटे उरली असतील तर चहा नंतर!

सूर्य लाल का होतो?

मुले प्रश्न विचारायची आणि बाबांना सगळ्यांची उत्तरे येत नसत. ती मुलीने पुढे पुस्तकांतून मिळवली.

दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेचा पातळ थर ओलांडून सरळ खाली येतो. मावळताना तोच प्रकाश तिरका येतो आणि त्याला तीस ते चाळीस पट हवेतून वाट काढावी लागते. हवेच्या रेणूंमुळे निळा प्रकाश वाटेतच जास्त विखुरला जातो, आणि आपल्यापर्यंत उरतो तो नारिंगी आणि तांबडा. हवेत धूळ-धूर जास्त असला की सूर्यास्त जास्त रंगतो असे अनेकांना वाटते. खरे तर शहरी धुरामुळे आभाळाचे रंग मळकट होतात. सूर्य नुसता विटकरी गोळा होऊन क्षितिजाच्या वरच विरून जातो. पावसाने हवा धुऊन निघाली की, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, मावळती सर्वांत सुरेख दिसते.

आभाळ अगदी निरभ्र असावे हाही गैरसमजच! उंचावर थोडे पिंजलेल्या कापसासारखे ढग हवेत. सूर्य खाली गेल्यावर त्याचा प्रकाश त्यांच्या पोटावर पडतो आणि खरा सोहळा तेव्हा सुरू होतो.

आणखी एक गंमत आहे. सूर्याची कड पाण्याला टेकलेली आपल्याला दिसते, तेव्हा खरा सूर्य जवळपास सगळाच क्षितिजाखाली गेलेला असतो! हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि सूर्य त्याच्या रुंदीएवढा वर उचललेला दिसतो. टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्या देशात जेमतेम दोन-अडीच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आपण पाहतो तो गेलेल्या सूर्याचा निरोप असतो.

कधीकधी फार दूरचे कारणही असते. फिलिपाइन्समधला पिनाटुबो हा ज्वालामुखी जून १९९१मध्ये फुटला. त्याचे सूक्ष्म कण वातावरणात उंच पसरले आणि पुढे कितीतरी महिने जगभर संध्याकाळचे रंग गडद दिसले. बाबांच्या एका फोटोमागे त्या वर्षाच्या शेवटची तारीख आहे आणि नेहमीपेक्षा एक ओळ जास्त आहे : ‘सूर्य गेल्यावर बराच वेळ जांभळे.’ भुसावळच्या घराच्या गच्चीवरून एका निवृत्तीला आलेल्या गार्डाने कदाचित पिनाटुबोच पाहिला होता. त्यांना त्या डोंगराचे नावही ठाऊक नसावे.

घड्याळ एक, मावळती अनेक

बँकेने मुलीची बदली एकदा गुवाहाटीला केली आणि काही वर्षांनी जामनगरला. डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारला सूर्य मावळे. दुपारचा चहा संपेपर्यंत बाहेर अंधार! जामनगरला त्याच महिन्यात सहा वाजून गेले तरी ऊन असे. देश एवढा रुंद, पण घड्याळ सगळ्यांचे एकच. त्यामुळे पूर्व टोकाला सूर्य लवकर मावळतो, पश्चिमेला उशिरा. महाराष्ट्रातही हा फरक आहेच. नागपूरचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो.

सर्वांत लवकर सूर्यास्त २२ डिसेंबरला होत असेल असे वाटते ना? तसे नाही. मुंबईत तो नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत, सहाच्या सुमारास होतो. आणि सर्वांत उशिरा होतो तो २१ जूनला नव्हे, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सात-वीसच्या आसपास. म्हणून सहलीला निघताना त्या गावची सूर्यास्ताची वेळ आधी पाहून ठेवावी. पंचांगात ती असते, आता मोबाइलवरही मिळते.

कुठे पाहाल?

कन्याकुमारी : इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो असे सगळे सांगतात. वर्षभर मात्र तसे घडत नाही. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. इतर महिन्यांत तो जमिनीआड जातो. चैत्र पौर्णिमेला एकीकडे मावळता सूर्य आणि दुसरीकडे उगवता चंद्र पाहायला इथे गर्दी होते. पण चांदोबा दर पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. ही गंमत दोन्ही बाजूंनी मोकळे क्षितिज असेल तर आपल्या गावच्या टेकडीवरूनही अनुभवता येते.

धूपगढ : मध्य प्रदेशातल्या पचमढीजवळचे हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर, उंची सुमारे १३५० मीटर. एकामागे एक डोंगरांच्या रांगा फिक्या होत जातात आणि शेवटच्या रांगेआड सूर्य उतरतो. थंडीत स्वेटर विसरू नका. परतीच्या जिपची वेळ चढतानाच ठरवून घ्या.

माउंट अबू : नक्की तलावापासून जवळच सनसेट पॉइंट आहे. खाली सपाट मुलूख असल्यामुळे कोरड्या दिवसांत सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच धुळीत दिसेनासा होतो. ‘फसलो’ म्हणून लगेच पाठ फिरवू नका. पंधरा मिनिटे थांबा.

महाबळेश्वर : इथला मुंबई पॉइंट मावळतीसाठी जुना आणि नावाजलेला. सुटीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते, त्यामुळे तासभर आधी पोहोचलेले बरे.

कच्छ आणि जैसलमेर : पांढऱ्या रणात मीठ केशरी होते, जैसलमेरजवळच्या सम इथल्या वाळूत प्रत्येक लाटेला सावलीची रेघ मिळते.

अंदमान : श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, तिथून जवळच चिडिया टापू आहे. हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य जातो, तेव्हा जेवणानंतरच्या झोपेचा बेत करू नका.

आणि कुठे पाहू नये तेही लक्षात असू द्या. चेन्नईचा मरीना किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, काशीचे घाटही पूर्वाभिमुख. तिथे पहाटे उठावे. कोकण आणि गोव्याचे भाग्य असे की तिथे कुठल्याही किनाऱ्यावर उभे राहिले तरी पश्चिम समोरच असते!

फोटो काढताना

डोळ्यांना भलामोठा दिसलेला सूर्य फोटोत हरभऱ्याएवढा का येतो, अशी सगळ्यांचीच तक्रार असते. क्षितिजाजवळचा सूर्य मोठा वाटतो हा आपल्या मनाचा भास आहे. मोबाइलच्या साध्या चौकटीत तो फोटोच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असतो. म्हणून नुसत्या सूर्याचा फोटो काढू नये. त्याच्यापुढे काहीतरी आणावे : होडी, माड, देवळाचा कळस, टपरीवाल्याची किटली. समोरची वस्तू काळी आकृती होऊन उमटते आणि चित्राला जीव येतो.

* मोबाइलची काच रुमालाने पुसून घ्या. बोटांच्या तेलकट डागांमुळे सूर्याभोवती धुरकट वलय येते.

* पडद्यावर सूर्याच्या बाजूच्या आभाळावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. रंग लगेच खुलतील. फ्लॅश बंद ठेवा.

* क्षितिजाची रेघ सरळ हवी. समुद्र एका बाजूला सांडतोय असे दिसले की चांगला फोटोही वाया जातो.

* चौकटीच्या बरोबर मध्ये क्षितिज आणू नका. आभाळ सुंदर असेल तर ते दोन भाग घ्या, पाण्यातले प्रतिबिंब सुंदर असेल तर पाणी दोन भाग.

* फिल्मचा कॅमेरा अजून वापरत असाल तर प्रिंट काढणाऱ्याला आधीच सांगा, ‘लाल रंग दुरुस्त करू नका.’ नाहीतर यंत्र आपल्या हुशारीने तुमची संध्याकाळ दुपार करून टाकते!

* घरच्यांचा फोटो सूर्याकडे पाठ करून काढला तर चेहरे काळे येतात. त्यांना सूर्याकडे तोंड करून उभे करा आणि तुम्ही सूर्याकडे पाठ करा. त्या वेळचा प्रकाश चेहऱ्यावर जो उजाळा आणतो, तो कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही.

डोळे आणि पाय सांभाळा. सूर्य लालसर, मंद झाल्यावरही त्याच्याकडे टक लावून पाहत राहू नये, आणि दुर्बिणीतून किंवा लांब भिंगाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून तर मुळीच पाहू नये. कड्यावर कठड्याच्या आतच राहावे. फोटोसाठी एक पाऊल मागे घेताना मागे काय आहे ते आधी बघावे. समुद्रावर भरतीची वेळ विचारून घ्यावी. आणि पिशवीत टॉर्च असावा, कारण सूर्यास्तानंतर अंधार पडतो ही साधी गोष्ट सूर्यास्ताला जाणारेच विसरतात!

हरवलेली संध्याकाळ

हे सगळे जाणणाऱ्या त्या मुलीकडूनही एकदा चूक झालीच. हाती चांगला मोबाइल आला आणि बाबांचा ‘एका सूर्यास्ताला एक फोटो’ हा नियम मागे पडला. रोल संपण्याची भीती नाही, पैसे पडण्याची भीती नाही. एकेका संध्याकाळचे साठ-साठ फोटो जमू लागले. जैसलमेरला समच्या वाळूत ती वीस मिनिटे चित्रण करीत राहिली. रात्री भुसावळहून आईचा फोन आला, ‘‘कसा होता गं सूर्यास्त?’’ तिला काही सांगताच येईना. ती म्हणाली, ‘‘थांब, पाठवते.’’

‘‘तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं,’’ ती सांगते. ‘‘मी वाळूत उभी होते, पण सूर्यास्त मोबाइलने पाहिला होता.’’

त्याच वर्षी बाबा गेले. त्यांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा तिच्यात दोनशेच्या वर सूर्य निघाले. कृष्णधवल, मग ऐंशीच्या दशकातल्या हॉट शॉट कॅमेऱ्याचे रंगीत, कडा पिवळ्या पडलेले. प्रत्येकामागे ठिकाण, तारीख, वेळ. दिवसकार्यासाठी बाबांचा एक चांगला फोटो हवा होता आणि तोच सापडेना! कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात. मग त्यांचा फोटो काढणार कोण? शेवटी नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला.

किती घरांत असे घडते! सहलीच्या अल्बममध्ये डोंगर असतात, समुद्र असतो, हसणारी मुले असतात. पण त्या सगळ्यांना तिथवर घेऊन गेलेला माणूस नसतो.

ट्रंकेच्या तळाशी मात्र एक वेगळाच फोटो होता. त्यात सूर्य नव्हता. नुसती वाळू आणि वाळूवर पडलेल्या चार लांबच लांब सावल्या. एक आईची, डोक्यावरच्या पदरासकट. दोन मुलांच्या. आणि चौथ्या सावलीची दोन्ही कोपरे बाहेर आलेली, कारण तिने डोळ्याला कॅमेरा लावला होता. त्या संध्याकाळी बाबा सूर्याकडे पाठ करून उभे राहिले होते. साऱ्या आयुष्यात चौघेजण एकत्र असलेला तो एकच फोटो. मागे पेन्सिलीने लिहिले होते : ‘द्वारका, १९८१. ऑल राइट.’

रेल्वेच्या माणसांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाडी सुटते तेव्हा मागून गार्ड आणि पुढून ड्रायव्हर एकमेकांना हिरवी खूण दाखवतात. सगळे ठीक आहे, गाडी पूर्ण आहे, चला. त्यालाच ‘ऑल राइट’ म्हणतात.

आईचा सूर्यास्त

या कथेत आई नेहमी मागे राहिली. तिन्हीसांजेची वेळ आपल्याकडे बाईची नसतेच. ती दिव्याची, कुकरची आणि दुधाची असते. घरी तिने कधी मावळतीकडे पाहिले नाही. सहलीत पाहिले, पण पिशव्या सांभाळत, मुलांच्या चपला शोधत. १९७८च्या डिसेंबरात कन्याकुमारीला धाकट्याला ताप भरला आणि ती त्याच्या उशाशी लॉजवर बसून राहिली. बाबा आणि मुलगी सूर्यास्त पाहून आले. त्या फोटोमागे ‘२७ डिसेंबर १९७८, ६.१०’ एवढेच आहे. ‘ती नव्हती’ असे कुठे लिहिलेले नाही.

नोकरी संपल्यावर मुलीने पहिले तिकीट काढले ते आईसाठी. २०२४च्या डिसेंबरात चौऱ्याऐंशीच्या घरातली आई, मोतीबिंदू काढलेले डोळे घेऊन, कन्याकुमारीला आली. ‘‘सूर्य काय, आपल्या भुसावळलाही मावळतो,’’ असे वाटेत तीनदा म्हणून झाले. मुलीने चहाच्या टपरीवरून एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि आईला किनाऱ्यावर बसवले.

आणि नेमका ढग आला! क्षितिजापासून दोन बोटे वर असतानाच सूर्य करड्या पट्ट्याआड गेला. भोवतालची माणसे हळहळली, मोबाइल खिशात गेले, गर्दी पांगू लागली.

‘‘गेला का?’’ आईने विचारले. ‘‘एवढ्यासाठी तुझे बाबा धावायचे होय?’’

मुलीला काय बोलावे कळेना. शेचाळीस वर्षांनी आणले आणि तेही असे. तिने परत जायला पिशवी उचलली. तेव्हा आईच म्हणाली, ‘‘बस गं जरा. तो काय लगेच उठायचा नाही?’’

दोघी बसून राहिल्या. दहा मिनिटे काही घडले नाही. मग वरच्या ढगांच्या कडा आधी तांबूस, मग शेंदरी झाल्या आणि बघता बघता सगळे आभाळ पेटले. पाणी तांबडे, वाळू तांबडी, विवेकानंद शिलेवरही रंग चढला. आईने सवयीने हात जोडले. ‘‘दिवा लावायची वेळ झाली,’’ ती पुटपुटली आणि पुन्हा गप्प झाली.

मुलीने मोबाइल काढला. पण तो तिने आभाळाकडे धरला नाही. ती सूर्याच्या दिशेला पाठ करून उभी राहिली आणि आईचा एकच फोटो काढला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली, पदर सावरलेली, चेहऱ्यावर सगळी पश्चिम उतरलेली आई.

तुम्हीही एवढेच करा. येत्या सुटीत कुठेही जा, एक संध्याकाळ राखून ठेवा. खरेदी अर्ध्या तासाने झाली तरी चालेल. सूर्याचा एक फोटो काढा आणि मोबाइल खिशात ठेवा. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबा. मग मागे वळा, आणि जो नेहमी फोटो काढतो किंवा जी नेहमी पिशव्या सांभाळते, त्या माणसाचा एक फोटो काढा. घरी आल्यावर त्या एकाची तरी कागदावर प्रिंट काढून घ्या. मोबाइल बिघडतात, बदलतात, हरवतात. ट्रंकेतला कागद पन्नास वर्षे टिकतो. मागे पेन्सिलीने ठिकाण, तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.

भोपाळच्या घरी देवाच्या फळीशेजारी आता दोन फोटो आहेत. एक द्वारकेच्या सावल्यांचा. दुसऱ्याच्या मागे मुलीच्या अक्षरात लिहिले आहे : ‘कन्याकुमारी, २८ डिसेंबर २०२४, ६.११. ऑल राइट.’